कावळा, फांदी आणि खांद्यातला क्षार

आज एक पेपर वाचायचा आहे. विषय माझ्या पीएचडीचा नाही, पण पदार्थ मात्र माझाच आहे. मी प्रयोगशाळेत हायड्रॉक्सीअपेटाइट बनवते, म्हणजे हाडांत आणि दातांत असतो तो कॅल्शियम फॉस्फेटचा क्षार. गेली चार वर्षं भट्टी, पीएच मीटर आणि एक्स-रे डिफ्रॅक्शनचे आलेख यांतच जात आहेत. मागच्या वर्षी आईच्या उजव्या खांद्याच्या एक्स-रेवर हाडाच्या जरा वर एक पांढरा ठिपका दिसला. रिपोर्टवर लिहिलं होतं, कॅल्सिफिक टेंडिनोपॅथी. मी जो पदार्थ मिलिग्रॅममध्ये तोलून बनवते, त्याचाच एक प्रकार आईच्या खांद्यात फुकटात तयार झाला होता.

आई शाळेत शिकवते. फळ्याच्या वरच्या ओळीत लिहिता येईना, रात्री त्या कुशीवर झोपता येईना, असं सहा-सात महिने चाललं होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, कॅल्शियम साचलंय ना, मग दूध आणि नाचणी बंद कर. आईने केलंही. (हे आधीच सांगून टाकते: आहारातल्या कॅल्शियममुळे खांद्यात क्षार साचतो असा पुरावा नाही. दूध परत सुरू झालं.) मग डॉक्टरांनी एक पर्याय सुचवला. सोनोग्राफीत बघत बघत सुई त्या क्षारात घालायची, सलाइन सोडायचं, क्षार विरघळवून बाहेर ओढायचा आणि शेवटी स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं. याला लॅव्हाज म्हणतात, काही ठिकाणी बार्बोटाज. आईने विचारलं, फरक पडेल का? डॉक्टर म्हणाले, बहुतेकांना पडतो.

घरी आल्यावर आई मला म्हणाली, "तू एवढी पेपर वाचतेस, सांग करू का नको?"

आता आली पंचाईत. कारण याच विषयावर मी एकदा चांगली तोंडावर आपटले आहे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षात जर्नल क्लबमध्ये मी १९९९ सालचा न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधला एक पेपर सादर केला होता. व्हिएन्नातल्या एबेनबिख्लर आणि सहकाऱ्यांचा. खांद्यात क्षार असलेल्या ६३ रुग्णांच्या ७० खांद्यांपासून त्यांनी सुरुवात केली. एका गटाला फिजिओथेरपीतला अल्ट्रासाउंड, प्रत्येकी १५ मिनिटांच्या २४ बैठका. दुसऱ्या गटाला हुबेहूब तसंच यंत्र, पण लहरी नाहीत. नऊ महिन्यांनी एक्स-रे काढले, तेव्हा अल्ट्रासाउंड गटातल्या ४२ टक्के खांद्यांतला क्षार पूर्ण गेला होता, दुसऱ्या गटातल्या फक्त ८ टक्के. मी खूश. माझ्या आवडत्या पदार्थाचं विरघळणं, तेही जिवंत माणसात! स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, उपचार यशस्वी.

सरांनी एकच प्रश्न विचारला, "आणि दुखणं?"

मी खाली बघितलं. ते सारांशातच लिहिलेलं होतं. उपचार संपले तेव्हा अल्ट्रासाउंड गटाचं दुखणं जास्त कमी झालं होतं हे खरं, पण नऊ महिन्यांनी दुखण्याच्या बाबतीत दोन गटांत लक्षणीय फरक उरला नव्हता. म्हणजे क्षार गेला होता, एक्स-रे स्वच्छ झाला होता, आणि तरी ज्यांचा क्षार तसाच होता त्यांच्यापेक्षा हे लोक फार बरे नव्हते. मी क्षाराकडे बघत बसले आणि माणसाकडे बघायचं राहून गेलं.

ही चूक फक्त माझी नाही. एक्स-रेवर पांढरा ठिपका दिसला की 'हाच चोर' असं आपल्याला वाटतंच. पण १९४१ मध्ये बॉसवर्थ यांनी न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीतल्या सहा हजारांहून जास्त कर्मचाऱ्यांचे खांदे तपासले होते. साधारण २.७ टक्के लोकांच्या खांद्यात क्षार सापडला, आणि त्यातल्या अनेकांना काहीही दुखत नव्हतं. ठिपका आहे म्हणजे दुखेलच असं नाही. दुखतंय म्हणजे ठिपक्यामुळेच, असंही नाही.

आता हा क्षार वागतो कसा ते थोडक्यात. खांदा फिरवणाऱ्या चार स्नायूंच्या कंडरा मिळून रोटेटर कफ बनतो. त्यातल्या सुप्रास्पायनेटस नावाच्या कंडरेत हा क्षार सर्वांत जास्त वेळा साचतो. कॅनडातल्या हान्स उहथॉफ यांनी मांडलेलं चित्र आजही पाठ्यपुस्तकांत आहे: आधी कंडरेतल्या पेशी कूर्चेसारख्या होतात, मग क्षार साठतो, मग बराच काळ नुसता पडून राहतो. पुढे कधीतरी त्याच्याभोवती रक्तवाहिन्या उगवतात, भक्षक पेशी येतात आणि क्षार खाऊन टाकतात. शेवटी कंडरा पुन्हा भरून येते. साठताना तो खडूसारखा कोरडा असतो, विरघळताना टूथपेस्टसारखा.

आणि गंमत इथे आहे. सर्वांत भयानक दुखणं सहसा क्षार साठताना होत नाही, तो शरीर स्वतःच काढून टाकत असतं तेव्हा होतं.

यावर जरा थांबून विचार करा. माणूस डॉक्टरकडे कधी जातो? दुखणं असह्य झालं की. म्हणजे काही रुग्ण नेमके अशा वेळी दवाखान्यात पोचतात, जेव्हा क्षार आपसूक जायच्या बेतात असतो. त्या आठवड्यात त्यांना सुई द्या, लहरी द्या, लेप द्या, महिन्याभरात बरं वाटणारच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. जे लोक जुन्या, रेंगाळलेल्या दुखण्याचे आहेत, त्यांचंही दुखणं वर-खाली होत असतं आणि तेही वर गेलं की येतात. वर गेलेली गोष्ट बहुतेकदा खाली येते. संख्याशास्त्रात याला सरासरीकडे परतणं म्हणतात, नेटच्या अभ्यासात वाचलं असेल.

म्हणून "बहुतेकांना फरक पडतो" हे डॉक्टरांचं वाक्य खोटं नव्हतं. फरक पडतोच. प्रश्न वेगळा आहे: सुई घातली नसती तर किती पडला असता?

याचं उत्तर आधीच्या लॅव्हाजच्या अभ्यासांतून नीट मिळत नव्हतं. एक उदाहरण देते. नेदरलँड्समधल्या डी विटे आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ४८ रुग्णांवरचा अभ्यास छापला. एका गटाला लॅव्हाज आणि स्टेरॉइड, दुसऱ्याला फक्त स्टेरॉइड. एका वर्षानंतर लॅव्हाज गट पुढे. छान. मग त्याच लोकांना पाच वर्षांनी तपासलं, तेव्हा दोन गटांत फरक उरला नव्हता. अभ्यास प्रामाणिक आहे, पाच वर्षांनी परत जाऊन पाहणं तर कौतुकाचंच. पण दोन्ही गटांना खरा उपचार मिळाला होता. 'सुई घातल्यासारखं केलं, पण क्षाराला हात लावला नाही' असा तिसरा गटच नव्हता.

तो गट आला २०२३ मध्ये, बीएमजेत. आजचा आपला पेपर हाच. मूसमायर आणि सहकारी, नॉर्वे आणि स्वीडनमधली सहा रुग्णालयं, २२० प्रौढ रुग्ण, किमान तीन महिन्यांचं दुखणं. चिठ्ठ्या टाकून तीन गट केले:

१. लॅव्हाज आणि स्टेरॉइड (७३ जण)
२. लॅव्हाजचं नाटक आणि खरं स्टेरॉइड (७४ जण)
३. लॅव्हाजचं नाटक, स्टेरॉइडही नाही (७३ जण)

या नाटकी उपचाराला इंग्रजीत शॅम म्हणतात. मी त्याला लुटुपुटूचा उपचार म्हणते. सगळ्यांना घरी करायचे व्यायाम दिले होते. कोण कुठल्या गटात आहे हे ना रुग्णाला माहीत, ना मोजमाप करणाऱ्याला. आणि मोजलं काय? क्षार नाही! मुख्य मोजमाप होतं चार महिन्यांनंतरचा ऑक्सफर्ड शोल्डर स्कोअर. कपडे घालता येतात का, सामान उचलता येतं का, रात्री झोप लागते का, असे बारा प्रश्न, ० ते ४८ गुण, जास्त म्हणजे चांगलं. सरांचा "आणि दुखणं?" हा प्रश्न इथे पहिल्या पानावरच विचारलेला आहे.

निकाल: तिन्ही गट सुधारले. पहिल्या आणि तिसऱ्या गटातला फरक ०.२ गुण. ९५ टक्के विश्वासांतर −२.३ ते २.८.

इथे घाई करू नका. आपल्याकडे सेमिनारमध्ये पी व्हॅल्यू ०.०५ च्या वर गेली की "फरक नाही" म्हणून पुढची स्लाइड येते. ते बरोबर नाही. लहान, गबाळ्या ट्रायलमध्येही पी व्हॅल्यू वर जाते, कारण डेटाच कमी असतो. 'फरक सापडला नाही' आणि 'फरक नाही' यांत अंतर आहे, आणि ते अंतर विश्वासांतर बघून कळतं. या स्कोअरमध्ये रुग्णाला खरोखर जाणवेल असा बदल किती, याचे बरेच अंदाज ४ ते ६ गुणांच्या आसपास आहेत. इथे विश्वासांतराचं वरचं टोक २.८ आहे. म्हणजे लॅव्हाजचा खरा फायदा असलाच, तरी तो रुग्णाला जाणवण्याएवढा असण्याची शक्यता फार कमी. हा निष्कर्ष 'माहीत नाही'पेक्षा बराच मजबूत आहे. तुमच्या प्रपोजलमध्ये नमुन्याचा आकार ठरवताना नेमकं हेच लागतं: आधी सांगा किती फरकाला तुम्ही फरक म्हणाल, मग माणसं मोजा.

आता टीका. कारण पेपर आवडला म्हणून त्याची आरती ओवाळायची नसते.

पहिला मुद्दा. काहीच न करणारा चौथा गट इथे नाही. त्यामुळे तिन्ही गट सुधारले ते कशाने, हे हा पेपर सांगू शकत नाही. काळाने? व्यायामाने? कोणीतरी आस्थेने खांदा बघितला म्हणून? की सगळं मिळून? काही जणांनी हा पेपर वाचून "सगळा प्लासिबोचा खेळ" असं म्हटलेलं मी ऐकलं आहे. ते वाचन चुकीचं आहे. शॅम गटाची सुधारणा म्हणजे प्लासिबो परिणाम नव्हे. त्यात नैसर्गिक बरं होणं आहे, सरासरीकडे परतणं आहे, व्यायाम आहे, आणि असलाच तर प्लासिबोही आहे. हे वेगळं करायला चौथा गट लागला असता. लेखकांचा प्रश्न तो नव्हता, म्हणून मी याला दोष म्हणत नाही. पण पेपर जे बोलत नाही ते त्याच्या तोंडी घालू नये.

दुसरा मुद्दा. चार महिन्यांनी ज्यांना पुरेसा आराम नव्हता त्यांना इतर उपचार घेता येत होते, आणि अनेकांनी घेतले. ते नैतिकदृष्ट्या योग्यच आहे, दुखणाऱ्या माणसाला दोन वर्षं लुटुपुटूच्या सुईवर ठेवता येत नाही. पण त्यामुळे २४ महिन्यांचे आकडे सरमिसळ झालेले आहेत. चार महिन्यांच्या निकालावर मी विश्वास ठेवते. दोन वर्षांच्या निकालावर तेवढा भार टाकणार नाही.

तिसरा मुद्दा, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. हे जुन्या दुखण्याचे रुग्ण आहेत. काल रात्री अचानक कळ उठली, हातच हलत नाही, अशा तीव्र अवस्थेतल्या माणसाला टूथपेस्टसारखा क्षार काढून टाकल्यावर लगेच आराम पडतो का, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचं उत्तर या पेपरमध्ये शोधू नये. तसंच स्टेरॉइड मिळालेल्या गटांना पहिल्या काही आठवड्यांत थोडा जास्त आराम होता, पुढे तो टिकला नाही. चार महिन्यांनी फरक नाही म्हणून ते चार आठवडे मोजायचेच नाहीत, असं रात्र रात्र जागणाऱ्या माणसाला कोणी सांगू नये.

मग शॉकवेव्हचं काय, असं काही जण विचारतील, कारण तो पर्यायही सर्रास सुचवला जातो. २००३ च्या जामामधल्या गेर्डेसमायर यांच्या ट्रायलमध्ये १४४ रुग्ण होते. १०० गुणांच्या कॉन्स्टंट स्कोअरवर सहा महिन्यांत जास्त ऊर्जेच्या गटाची सुधारणा ३१ गुण, कमी ऊर्जेची १५, शॅमची ६.६. वाचताना डोळे विस्फारतात. पण जास्त ऊर्जेची लाट दुखते. कोणाला खरी लाट मिळतेय हे रुग्णाला उमगत नाही, याची खात्री कशी द्यायची, हा या प्रकारच्या सगळ्या अभ्यासांना असलेला माझा आक्षेप आहे. आणि एक ट्रायल म्हणजे सगळं क्षेत्र नव्हे. २०२० च्या कोक्रेन आढाव्यात रोटेटर कफच्या दुखण्यावरच्या शॉकवेव्हच्या ३२ ट्रायल आणि २२८१ रुग्ण एकत्र पाहिले. यांत क्षार असलेले आणि नसलेले असे दोन्ही होते. तीन महिन्यांनी प्लासिबोच्या तुलनेत दुखणं १० पैकी सुमारे ०.८ गुणांनी कमी. ३१ विरुद्ध ६.६ वाचून ज्याने यंत्र विकत घेतलं असेल, त्याने हा ०.८ पण वाचायला हवा.

या सगळ्यातून संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी काय घ्यावं? उपचाराचा कुठलाही पेपर हातात आला, मग तो खांद्याचा असो की पिकावरच्या फवारणीचा, मी आता तीन गोष्टी वहीत लिहून मगच वाचायला बसते. कशाशी तुलना केली? काय मोजलं, आणि ज्याला दुखतंय त्याला त्याचं काही आहे का? तुलनेतला गट आपोआप किती सुधारला? तिसरा प्रश्न मी स्वतःच्या प्रयोगशाळेतही विचारायला लागले आहे. माझ्या एका नमुन्यात स्फटिक 'माझ्या पद्धतीमुळे' मोठे झाले असं मी लिहिणार होते. शेजारच्या बीकरमध्ये काहीच न घालता ठेवलेला नमुना तपासला, तिथेही ते जवळपास तेवढेच मोठे झालेले. वेळेचं काम मी माझ्या नावावर खपवणार होते.

आणि आई? मी तिला सांगितलं ते असं: हा उपचार धोकादायक म्हणून नको असं नाही. पण तुझ्यासारख्या जुन्या दुखण्यात सुई घालून धुण्याने जास्तीचा फायदा होतो असं सर्वांत चांगल्या ट्रायलमध्ये दिसलं नाही. व्यायाम कर, दुखणं सोसवेना झालं तर इंजेक्शनचं बघू, आणि हे सगळं डॉक्टरांना विचारून. आम्ही दोघी पुन्हा गेलो. डॉक्टरांनी पेपर शांतपणे वाचला, म्हणाले, ठीक आहे, तीन महिने व्यायाम करून पाहू. (तुम्हाला किंवा घरच्यांना असा त्रास असेल तर माझ्या सांगण्यावरून काही ठरवू नका, मी क्षाराची आहे, खांद्याची नाही. आणि खांदा लाल होऊन ताप आला तर वाट न बघता दवाखाना गाठा.)

तीन महिन्यांनी आई फळ्याच्या वरच्या ओळीत लिहू लागली. पूर्ण नाही, पण पुष्कळ बरं आहे. मी मनातल्या मनात व्यायामाला श्रेय देऊन टाकलं होतं. परवा फोनवर काकूंशी बोलताना तिचा आवाज ऐकला: "अहो, तुम्ही दिलेल्या तिळाच्या तेलानेच गुण आला."

मला हसू आलं, मग हसणं थांबलं. कारण तिचं तेल आणि माझा व्यायाम, दोन्हींच्या बाजूला पुरावा सारखाच आहे: एक रुग्ण, तुलनेला गट नाही. तिला चूक म्हणायचा मला तितकाच अधिकार आहे जितका तिला मला म्हणायचा आहे. त्या पांढऱ्या ठिपक्याचा पुन्हा एक्स-रे काढावा असं मला फार वाटतं, पण आई म्हणते, दुखत नाही तर काढायचा कशाला?

सरांनी विचारला होता तोच प्रश्न, फक्त उलट्या बाजूने.